नॉर्मल अहवालापलीकडचा शुक्राणू

वीर्यतपासणीच्या अहवालात प्रामुख्याने तीन गोष्टी नोंदवलेल्या असतात: शुक्राणूंची संख्या, त्यांची हालचाल आणि त्यांचा आकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या मार्गदर्शिकेत या तिन्हींच्या खालच्या मर्यादा दिल्या आहेत. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यांपैकी ४२ टक्के हलते आणि ४ टक्के नियमित आकाराचे. ज्यांना मूल झाले आहे अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून हे आकडे काढले आहेत. अहवाल त्यांच्या वर असला की त्याखाली ‘नॉर्मल’ असे लिहिले जाते आणि तो कागद हाती घेतलेल्या जोडप्याचा जीव भांड्यात पडतो. भ्रूणतज्ज्ञ म्हणून असे असंख्य अहवाल मी लिहिले आहेत, आणि त्या एका शब्दाखाली सही करताना मनाला नेहमी काहीतरी खटकत आले आहे. डच निरीक्षक लेव्हेनहूकने १६७७ साली आपल्या भिंगातून शुक्राणू पाहिले तेव्हा त्यालाही हेच दिसले होते: ते पुष्कळ आहेत, ते वळवळतात, त्यांना डोके आणि शेपटी आहे. आपली भिंगे सुधारली, मोजणी संगणकावर गेली, पण रोजची तपासणी अजूनही भिंगाला जे दिसते तेवढ्यावरच थांबते. शुक्राणू आणि अंडपेशी यांची भेट होणार की नाही हे ज्यावर ठरते ते मात्र भिंगाला दिसत नाही. शुक्राणूच्या पेशीपटलात रुतलेली, त्यावर चिकटलेली आणि ठरावीक वेळीच बाहेर येणारी प्रथिने हे काम करतात. गेल्या चाळीसएक वर्षांत ती एकेक करून कशी ओळखली गेली, याची हकिकत मला जीवशास्त्रातील सर्वांत विलक्षण हकिकतींपैकी एक वाटते.

शुक्राणूच्या पृष्ठभागाचा विचार करू लागले की प्रथम जाणवते ते त्याचे परावलंबन. वृषणात तयार होताना त्याने आपला जवळजवळ सगळा पेशीद्रव टाकून दिलेला असतो. त्याचा डीएनए प्रोटामिन नावाच्या प्रथिनांनी इतका घट्ट बांधलेला असतो की त्यावरची जनुके वाचली जात नाहीत. प्रथिने बनवणारी नेहमीची यंत्रणा त्याच्यापाशी उरलेली नसते. म्हणजे वृषण सोडल्यावर लागणारे एखादे प्रथिन आपण नव्याने बनवावे, ही सोय त्याला नाही. आणि तरीही अंडपेशीपाशी पोहोचेपर्यंत त्याचा पृष्ठभाग सतत बदलत राहतो. हे बदल इतर पेशी, इतर द्रव आणि अखेरीस स्त्रीचे शरीर घडवून आणत असते. वृषणाला लगटून असलेली अधिवृषणाची नलिका उलगडली तर माणसात ती सुमारे ६ मीटर लांब भरते. या नलिकेतून जाताना तिच्या भिंतीतील पेशी शुक्राणूवर नवी प्रथिने चढवतात, जुन्या प्रथिनांचे तुकडे छाटतात, त्यांच्यावरील शर्करेच्या साखळ्या बदलतात. काही प्रथिने तर सूक्ष्म पुटिकांत भरून शुक्राणूच्या पटलात थेट उतरवली जातात. नलिकेच्या सुरुवातीला धड पोहता न येणारी पेशी शेवटाला येईपर्यंत पोहू शकते आणि अंडपेशीला ओळखण्याची पात्रताही तिच्यात येते.

याच नलिकेत त्याच्यावर एक आवरण चढते, आणि त्यातील बीटा-डिफेन्सिन १२६ या प्रथिनाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. या प्रथिनावर सियालिक आम्ल असलेल्या शर्करेच्या साखळ्या दाट उगवलेल्या असतात, त्यामुळे शुक्राणूच्या सगळ्या पृष्ठभागावर ऋण भार येतो. गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावातून वाट काढायला आणि स्त्रीच्या प्रतिकारयंत्रणेच्या नजरेतून निसटायला हे आवरण मदत करते. या प्रथिनाच्या जनुकात दोन अक्षरे गळून पडलेला एक प्रकार मानवांत बऱ्यापैकी आढळतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की ज्या पुरुषांत जनुकाच्या दोन्ही प्रती अशा सदोष आहेत, त्यांच्या शुक्राणूंची संख्या आणि हालचाल नेहमीसारखीच असते. परंतु स्रावासारख्या जेलमधून ते फार कमी प्रमाणात पार जातात, आणि अशा जोडप्यांना गर्भधारणेला अधिक काळ लागतो. नेहमीच्या तपासणीत यातले काहीही दिसणार नाही.

हे आवरण प्रवासाच्या पहिल्या टप्प्यात जितके आवश्यक, तितकेच पुढच्या टप्प्यात अडचणीचे. ताजा शुक्राणू अंडपेशीशेजारी नेऊन ठेवला तरी तो काहीच करू शकत नाही, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील संशोधकांना पुन्हा पुन्हा अनुभवाला येत होते. शरीराबाहेर सस्तन प्राण्यांचे फलन घडवण्याचे प्रयत्न त्यामुळेच फसत होते. १९५१ साली अमेरिकेत मिन-चुए चँग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, यामागचे कारण शोधले. शुक्राणूला मादीच्या प्रजननमार्गात काही तास काढावेच लागतात, त्याखेरीज तो फलनक्षम होत नाही. या बदलाला कपॅसिटेशन म्हणतात. चँग यांनी १९५९ साली अशा तयार झालेल्या शुक्राणूंच्या साहाय्याने सशाचे फलन शरीराबाहेर घडवून पिल्ले जन्माला आणली, आणि १९७८ साली शरीराबाहेरील फलनातून जगातले पहिले मूल, लुईस ब्राऊन, जन्मले त्यामागे हे ज्ञान उभे होते. कपॅसिटेशनमध्ये नेमके काय होते हे आता बरेच कळले आहे. वीर्यातून आलेले आणि पृष्ठभागाला चिकटलेले घटक निघून जातात. अल्ब्युमिन हे प्रथिन पटलातील कोलेस्टेरॉल काढून घेते, बायकार्बोनेट आणि कॅल्शियम आत शिरतात, पटल अधिक प्रवाही होते आणि इतके दिवस विखुरलेली प्रथिने नव्या जागी सरकू लागतात. शेपटीच्या पटलात कॅटस्पर नावाच्या कॅल्शियम-मार्गिकेच्या चार रांगा लांबवर पसरलेल्या असतात. मानवी शुक्राणूत अंडपेशीभोवतीच्या पेशींनी सोडलेल्या प्रोजेस्टेरॉनमुळे ही मार्गिका उघडते आणि शेपटीचे फटकारे एकदम मोठे आणि जोरकस होतात. कॅटस्पर नसलेले नर उंदीर वंध्य असतात, हे २००१ साली सिद्ध झाले. त्यांचे शुक्राणू पोहतात, परंतु अंडपेशीभोवतालचे कवच भेदण्याएवढा जोर त्यांच्या शेपटीत कधीच येत नाही.

शर्यतीचे चित्र आपल्या मनात इतके खोल रुजले आहे की सर्वांत वेगवान शुक्राणू जिंकतो, असे आपण गृहीत धरून चालतो. ते चित्र मला कधी पटले नाही, आणि ते का पटू नये याचा सर्वांत ठोस पुरावा उंदराच्या गर्भाशय आणि बीजवाहिनी यांच्या सांध्यावर मिळाला. हा सांधा अतिशय अरुंद असतो. गर्भाशयात लाखो शुक्राणू असले तरी त्यातून वर जाणारे थोडेच असतात. ओसाका विद्यापीठात मासारू ओकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली कॅल्मेजिन नावाचे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. कॅल्मेजिन शुक्राणूच्या पृष्ठभागावर येतच नाही. वृषणात इतर प्रथिनांना योग्य घडी घालून देणे एवढेच त्याचे काम. पण ते नसले की एडॅम३ हे पृष्ठभागावरचे प्रथिन पक्व शुक्राणूपर्यंत पोहोचत नाही. या नरांच्या शुक्राणूंची संख्या, आकार, पोहणे सारे काही नेहमीसारखे होते, आणि तरी ते त्या सांध्यातून वर जाऊ शकत नव्हते.

आता येथे एक शंका उरते. कदाचित निरोगी शुक्राणूंच्या गर्दीमुळे सांधा उघडत असेल आणि सदोष शुक्राणूंना तो उघडता येत नसेल. तसे असेल तर दोन्ही एकत्र सोडल्यावर सदोष शुक्राणूही निरोगी शुक्राणूंच्या मागोमाग पार जातील. ही शंका ज्या प्रयोगाने मिटली त्याची रचना मला आजही थक्क करते. दोन प्रकारचे भ्रूण एकत्र करून असे नर तयार करण्यात आले की एकाच नराच्या वीर्यात कॅल्मेजिन असलेल्या आणि नसलेल्या, अशा दोन्ही पेशींपासून बनलेले शुक्राणू होते. ते ओळखता यावेत म्हणून त्यांना चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाची खूण दिलेली होती. तेच वीर्य, तीच मादी, तोच सांधा. निरोगी शुक्राणू पलीकडे गेले आणि सदोष शुक्राणू त्यांच्या शेजारी असूनही अलीकडे राहिले. म्हणजे त्या दारात प्रत्येक शुक्राणूची परीक्षा स्वतंत्रपणे होते, आणि ती वेगाची परीक्षा नाही. त्याच्या पृष्ठभागावर कोणते प्रथिन आहे, याची आहे. या हकिकतीला पुढे एक जोड मिळाली. एडॅम३ नसलेले शुक्राणू अंडपेशीच्या कवचाला चिकटतही नाहीत, म्हणून ते चिकटणे फलनासाठी अपरिहार्य असावे असे वाटत होते. पण हेच शुक्राणू थेट बीजवाहिनीत सोडले आणि अंडपेशीभोवतीच्या पेशींचे वेष्टन शाबूत ठेवले, तेव्हा फलन झाले. काचेच्या बशीत जे अत्यावश्यक दिसले ते शरीरात तसे नव्हते. मानवात तर एडॅम३चे जनुक निकामी अवस्थेतच उरले आहे, त्यामुळे हेच काम आपल्यात दुसरे कोणी तरी करत असले पाहिजे.

बशीत दिसलेल्या गोष्टीवर किती विसंबावे, हा प्रश्न या सगळ्या क्षेत्रात पावलोपावली येतो. अंडपेशीभोवतीच्या पारदर्शक कवचाला, झोना पेल्युसिडाला, शुक्राणू कसा चिकटतो यावर जेवढे लिहिले गेले तेवढे क्वचितच कशावर लिहिले गेले असेल. १९८० साली ब्लाइल आणि वॉसरमन यांनी झोनातील झेडपी३ हे ग्लायकोप्रथिन शुक्राणूचा ग्राही, म्हणजे त्याला धरणारे प्रथिन, असल्याचे दाखवले आणि शुक्राणूवर त्याची जोडी शोधण्याची स्पर्धा सुरू झाली. एकामागून एक उमेदवार पुढे आले, आणि त्यांचे जनुक काढलेले उंदीर बहुतेक वेळा निर्धास्तपणे पिल्ले देत राहिले. पुढे लक्ष झोनातल्याच झेडपी२ या प्रथिनाकडे वळले. फलनानंतर अंडपेशी ओव्हॅस्टॅसिन नावाचे विकर सोडते, ते झेडपी२ला ठरावीक जागी कापते आणि मग नव्या शुक्राणूला कवचावर पकड मिळत नाही. मानवी झेडपी२ असलेल्या उंदराच्या झोनाला मानवी शुक्राणू चिकटतो, साध्या उंदराच्या झोनाला चिकटत नाही. यावरून या प्रथिनाचे महत्त्व मान्य करावे लागते.

शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अॅक्रोसोम ही पिशवी झोनाला स्पर्श झाल्यावरच फुटते, असे पाठ्यपुस्तकांत कित्येक वर्षे छापलेले होते. २०११ साली चमकणाऱ्या अॅक्रोसोमचे शुक्राणू प्रत्यक्ष पाहिल्यावर कळले की उंदरात अंडपेशीचे फलन करणाऱ्या बहुतेक शुक्राणूंमध्ये ती झोनापर्यंत पोहोचण्याआधीच फुटायला लागलेली असते. तिच्यातील अॅक्रोसिन हे विकर कवचाला भोक पाडते, हाही असाच जुना समज. १९९४ साली अॅक्रोसिन नसलेले नर उंदीर फलनक्षम निघाले आणि तो समज मोडीत निघाला असे वाटले. मग २०२० साली अॅक्रोसिन नसलेले हॅमस्टर तयार केले तर ते वंध्य निघाले, कारण त्यांचे शुक्राणू कवचातच अडकले. एका प्राण्यात जे जाता जाता होते ते दुसऱ्यात अडून बसते. उंदरावरून माणसाबद्दल बोलताना मला हे हॅमस्टर नेहमी आठवतात.

कवच ओलांडल्यावर शुक्राणू अंडपेशीच्या पटलापाशी येतो आणि येथे या विषयाचा गाभा आहे. दोन जिवंत पेशींची पटले एकमेकांत मिसळायची आहेत, म्हणजे त्यांचे संलयन व्हायचे आहे. येथे पहिला मोठा दावेदार होता फर्टिलिन. गिनीपिगच्या शुक्राणूवरील या प्रथिनाला बांधले जाणारे प्रतिपिंड (अँटीबॉडी) संलयन रोखते हे १९८७ साली प्रिमाकॉफ आणि मायल्स यांनी दाखवले, आणि १९९२ साली त्या प्रथिनाचा क्रम उलगडला तेव्हा त्याच्या एका भागाचे विषाणूंच्या संलयनप्रथिनांशी साम्य दिसले. विषाणू ज्या पद्धतीने पेशीत शिरतो त्याच पद्धतीने शुक्राणू अंडपेशीत शिरतो, ही कल्पना अत्यंत आकर्षक होती. १९९८ साली फर्टिलिनचा एक घटक नसलेले उंदीर तयार झाले. ते वंध्य होते, परंतु त्यांचे शुक्राणू बीजवाहिनीत पोहोचत नव्हते आणि झोनाला चिकटत नव्हते म्हणून. झोना काढून टाकलेल्या अंडपेशीशी ते कमी प्रमाणात का होईना, एकरूप होत होते. आकर्षक कल्पना बाजूला ठेवावी लागली.

ओकाबे यांच्या प्रयोगशाळेत मात्र १९८७ सालापासून एक प्रतिपिंड होते, जे उंदराच्या शुक्राणूंना संलयनापासून रोखत असे. ते नेमके कोणत्या प्रथिनाला धरते हे कळायला २००५ साल उजाडले. नाओकाझू इनोउए आणि सहकाऱ्यांनी ते प्रथिन वेगळे काढले आणि विवाह जुळवणाऱ्या देवतेच्या इझुमो येथील जपानी मंदिरावरून त्याला इझुमो हे नाव दिले. आता त्याला इझुमो१ म्हणतात. हे जनुक काढलेल्या माद्या फलनक्षम होत्या आणि नर पूर्णतः वंध्य. त्यांच्या अंडपेशींचे जे चित्र मिळाले ते मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा किती तरी वेळ नजर हलली नव्हती. शुक्राणू बीजवाहिनीत पोहोचले होते, झोनाला चिकटले होते, त्यातून आरपार गेले होते, आणि झोना व अंडपेशी यांच्यामधल्या अरुंद फटीत एकाशेजारी एक असे साचून राहिले होते. निरोगी शुक्राणूंच्या बाबतीत त्या फटीत अशी दाटी होत नाही, कारण पहिला आत गेला की अंडपेशी बाकीच्यांची वाट बंद करते. येथे पहिलाच आत जात नव्हता, म्हणून वाटही बंद होत नव्हती. हेच शुक्राणू सुईने अंडपेशीत सोडले तेव्हा त्यांच्यापासून भ्रूण व्यवस्थित वाढले. त्यांच्यात त्या एका क्षणापुरतेच काहीतरी कमी होते.

इझुमो१ ज्या रीतीने समोर येते तिच्यामुळे माझ्या मनात त्याला वेगळे स्थान आहे. अॅक्रोसोम शाबूत असताना ते त्याच्या आत, पटलाच्या आड असते. बाहेरून त्याचा ठावठिकाणा लागत नाही. अॅक्रोसोम फुटला की ते उघडे पडते आणि पृष्ठभागावरून सरकत डोक्याच्या मधल्या पट्ट्यावर जमा होते, आणि अंडपेशीशी संलयन नेमके तेथूनच सुरू होते. इतका लांबचा प्रवास, वाटेत इतक्या परक्या पेशींचा स्पर्श, आणि या सबंध काळात सर्वांत महत्त्वाचे प्रथिन झाकलेले. ते आधीच उघडे असते तर वाटेतल्या कोणत्याही विकराने ते झिजवले असते किंवा प्रतिपिंडांनी ते झाकून टाकले असते, असे मला वाटते.

अंडपेशीच्या बाजूला त्याचा जोडीदार कोण, हे कळायला आणखी नऊ वर्षे गेली. २००० साली तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले होते की अंडपेशीवरचे सीडी९ हे प्रथिन नसेल तर संलयन होत नाही, पण सीडी९ इझुमो१ला धरत नाही. २०१४ साली एन्रिका बियांची आणि गॅव्हिन राइट यांच्या गटाने वेलकम सँगर संस्थेत तो जोडीदार शोधला. या दोन प्रथिनांची पकड इतकी क्षणिक असते की नेहमीच्या पद्धतीने ती धुण्यातच सुटून जाते. त्यामुळे इझुमो१चे अनेक रेणू एकत्र गुंफून त्यांनी पकड वाढवली आणि मग अंडपेशीच्या जनुकांमध्ये शोध घेतला. जे हाती आले त्याचे जुने नाव फोलेट-ग्राही ४ असे होते, पण ते फोलेटला धरतच नव्हते. रोमन विवाहदेवतेवरून त्याचे नाव जूनो ठेवले गेले. जूनो नसलेल्या माद्या वंध्य असतात. शुक्राणू आत आल्यावर साधारण ३० ते ४० मिनिटांत अंडपेशी आपल्या पृष्ठभागावरचे सगळे जूनो सूक्ष्म पुटिकांमधून बाहेर टाकून देते, आणि उशिरा आलेल्या शुक्राणूच्या इझुमो१ला धरायला तेथे काही उरत नाही. एकापेक्षा अधिक शुक्राणू आत आले तर भ्रूणात गुणसूत्रांचा जादा संच येतो आणि तो भ्रूण वाढू शकत नाही, म्हणून ही व्यवस्था केवढी मोलाची आहे हे लक्षात येते.

जूनोच्या शोधाने एका जुन्या कोड्याचेही उत्तर दिले. रियुझो यानागिमाची यांनी १९७६ साली दाखवले होते की मानवी शुक्राणू झोना काढलेल्या हॅमस्टरच्या अंडपेशीशी एकरूप होतो. कित्येक वर्षे पुरुषांच्या फलनक्षमतेची तपासणी म्हणून ही पद्धत वापरली गेली. उंदराच्या अंडपेशीशी मात्र मानवी शुक्राणू एकरूप होत नाही. इतक्या दूरच्या प्राण्याशी जुळणारी ही पकड त्या प्राण्याच्याच एका जवळच्या भावंडाशी का जुळत नाही, हे कळायला २०१५ साल लागले: हॅमस्टरचे जूनो मानवी इझुमो१ला धरते, उंदराचे धरत नाही. पुढच्याच वर्षी या दोन प्रथिनांची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या पृष्ठभागांतली कोणती वळणे एकमेकांत बसतात हे अणूंच्या पातळीवर पाहता आले.

माझ्या कामातल्या एका सकाळीविषयी येथे लिहिणे आवश्यक वाटते, कारण ती पुन्हा पुन्हा येते. आदल्या दिवशी अंडपेशी आणि शुक्राणू एका बशीत ठेवलेले असतात. १६ ते १८ तासांनी त्या अंडपेशी स्वच्छ करून पाहायच्या आणि आत दोन केंद्रके, एक आईकडचे आणि एक वडिलांकडचे, दिसतात का ते नोंदवायचे. अंडपेशीभोवती पेशींचे पांढुरके वेष्टन असते. पातळ नळीतून दोन-तीन वेळा आतबाहेर ओढल्यावर ते सुटते आणि झोनाचे काचेसारखे कडे उघडे पडते. बहुतेक वेळा पहिल्या अंडपेशीतच दोन गोल शेजारी शेजारी दिसतात आणि पुढची सकाळ सरळ जाते. पण कधी कधी सगळ्या अंडपेशी रिकाम्या निघतात. झोनावर शुक्राणू चिकटलेले असतात, भिंगाचा रोख खालीवर केला तर एखादा फटीत शिरलेलाही दिसतो, आणि आतला गाभा मात्र जसाच्या तसा असतो. काल या शुक्राणूंची संख्या उत्तम होती, हालचाल उत्तम होती. त्यानंतर त्या जोडप्याला जे सांगावे लागते ते सांगायला कोणालाही आवडत नाही, आणि त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: मग अहवाल नॉर्मल कसा आला?

त्या प्रश्नाचे उत्तर गोवंशाच्या अभ्यासाने बरेच स्पष्ट केले आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. फ्लेकफिए जातीच्या काही वळूंचे वीर्य तपासणीत निर्दोष असूनही त्यांच्या कृत्रिम रेतनाने गर्भधारणा क्वचितच होत असे. २०१४ साली त्यांच्यात टीएमईएम९५ या जनुकात बिघाड सापडला. या जनुकाचे प्रथिन शुक्राणूच्या डोक्यावर असते. नंतर उंदरात हे जनुक काढल्यावर दिसले की शुक्राणू झोना ओलांडतात, अंडपेशीपाशी येतात आणि तेथेच थांबतात. इझुमो१ त्यांच्यात जागच्या जागी होते. २०२०च्या सुमारास अशी प्रथिने भराभर सापडत गेली. एसपीएसीए६, एफआयएमपी, एसओएफ१, डीसीएसटी१ आणि डीसीएसटी२ यांपैकी कोणतेही एक नसले की संलयन थांबते किंवा अगदी नाममात्र होते. बाकीची सगळी असून भागत नाही. मानवात ‘कारण सापडत नाही’ अशा शेऱ्याखाली येणाऱ्या वंध्यत्वाच्या काही प्रकरणांमागे या जनुकांतले बिघाड असू शकतात, म्हणून ज्यांच्या बाबतीत फलन पूर्णतः फसते त्यांच्या तपासणीत या जनुकांकडे पाहिले जावे, असे माझे ठाम मत आहे. १९९२ सालापासून आपल्यापाशी इक्सी आहे, एक शुक्राणू सुईत घेऊन थेट अंडपेशीत सोडण्याची पद्धत. वर सांगितलेल्या एकाही प्रथिनाची तिला गरज नाही. त्यामुळे अनेक घरांत मूल आले आणि त्याबद्दल माझ्या मनात निखळ कृतज्ञता आहे. पण सुई वापरून मार्ग निघाला म्हणून कारण शोधायचे थांबवणे मला पटत नाही. सदोष जनुक या मार्गाने मुलाकडे जाऊ शकते, आणि पुढे त्यालाही हाच प्रश्न पडू शकतो.

या प्रथिनांपैकी प्रत्यक्ष कोण कोणाला धरते, हे कोडे अलीकडे थोडे सुटले आहे. व्हिएन्नातील आंद्रेआ पाउली यांच्या गटाने झेब्राफिशच्या अंडपेशीवर बाउन्सर नावाचे प्रथिन २०१८ साली शोधले होते. शुक्राणूवर त्याचा जोडीदार कोण हे शोधताना त्यांनी प्रथिनांच्या रचनांचे संगणकीय भाकीत वर्तवणाऱ्या अल्फाफोल्डची मदत घेतली. २०२४ साली त्यांनी दाखवले की इझुमो१, एसपीएसीए६ आणि तोवर कोणाचे फारसे लक्ष न गेलेले टीएमईएम८१ ही तीन प्रथिने शुक्राणूवर एकत्र जुळून एक संकुल बनवतात, आणि माशाची अंडपेशी या संकुलाला बाउन्सरने धरते. टीएमईएम८१ नसलेले नर मासे आणि नर उंदीर दोन्ही वंध्य निघाले. सस्तन प्राण्यांत बाउन्सरच्या जागी जूनो आहे, आणि ही दोन प्रथिने एकमेकांची नातेवाईक नाहीत. शुक्राणूवरची तीन प्रथिनांची जुळणी कोट्यवधी वर्षे टिकून राहिली आणि अंडपेशीने मात्र ती धरायचे साधन बदलले, हे वाचून मी आधी चकित झाले आणि मग मला फार आनंद झाला.

धरणे म्हणजे मिसळणे नव्हे. दोन पटलांमधले पाणी हटवून त्यांतील स्निग्ध रेणू एकत्र आणायला पुष्कळ ऊर्जा लागते. विषाणूंमध्ये आणि शेवाळे, वनस्पती, अनेक एकपेशी जीव यांच्या जननपेशींमध्ये हे काम एकच प्रथिन करते. या जननपेशींमधील हॅप२ या प्रथिनाची रचना विषाणूंच्या एका गटातील संलयनप्रथिनांशी जुळते, हे २०१७ साली सिद्ध झाले. फर्टिलिनच्या वेळी जी कल्पना फसली ती निसर्गात खरोखर होती, फक्त पृष्ठवंशी प्राण्यांच्या बाहेर. पृष्ठवंशी प्राण्यांत हॅप२ नाही. इझुमो१ स्वतःच पटले मिसळू शकते असे सुचवणारे प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावर चर्चा चालू आहे. एवढी सगळी प्रथिने प्रत्येकी अपरिहार्य ठरत असताना एकाच प्रथिनावर हे काम टाकण्याकडे माझा कल नाही. तीन प्रथिनांच्या संकुलाभोवती इतर प्रथिने गोळा होतात आणि सगळी मिळून दोन्ही पटलांना इतके जवळ ओढतात की पटलांना मिसळण्यावाचून पर्याय उरत नाही, असे मला अधिक संभाव्य वाटते. आणि ते कोण घडवते हे ठरवण्यासाठी फटीत थांबलेल्या त्या शुक्राणूंकडेच पुन्हा जावे लागेल, या वेळी एकेक प्रथिन काढून न टाकता, संपर्काच्या जागी कोणते प्रथिन कोणत्या क्षणी येते हे जिवंत पेशीत पाहत.